हे असे का होते? शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांचे काही जुने प्रश्न

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील भातखाचरांतून, नागली-वरईच्या वरकस जमिनींतून आणि पाड्यापाड्यांवरील बैठकांतून शेतीखात्याच्या माणसाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बरेचसे बियाणे, खते व अनुदान यांविषयीचे असतात. काही प्रश्न मात्र सभा आटोपल्यावर, चहा घेताना, जरा संकोचाने विचारले जातात. मोहाचे फूल रात्रीच का गळते? पहिल्या पावसात मातीला वास कोठून येतो? कोरड्या ठणठणीत शेतात एका रात्रीत मासे कसे आले? वीज पायाळू माणसावरच पडते, हे खरे का?

हे प्रश्न आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून चालत आलेले आहेत. त्यांची उत्तरे शोधू लागले म्हणजे असे दिसून येते की, काही जुन्या समजुतींना भक्कम आधार आहे, काही निव्वळ ऐकीव आहेत, आणि पुष्कळशा अर्ध्या खऱ्या आहेत. कोणती समजूत कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यावर आपले पीक, आपले पाणी आणि प्रसंगी आपला जीवही अवलंबून असतो. यास्तव वर्षभराच्या शेतीकामांच्या क्रमाने अशा काही प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

राब भाजल्याने रोप जोमदार का येते?

शिमगा जवळ आला की आपल्या भागात राबाची तयारी सुरू होते. रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात, आणि राब सावकाश जळावा म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवितात. भाजलेल्या जागेतील रोप न भाजलेल्या जागेतील रोपापेक्षा उंच, हिरवेगार व तणविरहित येते, हा प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव आहे. तो खरा आहे. पुणे येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला व तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचार करण्याजोगा वाटला होता.

राबापासून होणारे लाभ तीन आहेत. पहिला, मातीच्या वरच्या थरातील तणांचे बी, किडींची अंडी व रोगांचे जंतू उष्णतेने मरतात. दुसरा, राखेतून पालाश, थोडे स्फुरद व चुना रोपास मिळतो. तिसरा लाभ डोळ्यांना दिसत नाही. माती तापली की तिच्यात अडकून पडलेला नत्र काही प्रमाणात मोकळा होतो. शिवाय उष्णतेतून वाचलेले सूक्ष्म जीव पाऊस पडताच झपाट्याने वाढतात व आणखी नत्र रोपाच्या मुळांशी उपलब्ध करून देतात. रोपाचा गडद हिरवा रंग हा मुख्यतः त्या नत्राचा होय.

आता खर्चाची बाजू पाहू. जे शेण कुजवून खत केले असते, त्यातील जवळजवळ सर्व नत्र धुराबरोबर आकाशात जातो. ज्या पालापाचोळ्याने जमिनीचा कस वाढला असता, त्याची मूठभर राख उरते. टहाळासाठी ऐन, किंजळ यांसारखी झाडे दरवर्षी ओरबाडली जातात व डोंगर उघडा पडतो. या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

राबाचे तीनही लाभ न भाजता मिळविता येतात. लावणीच्या प्रत्येक हेक्टरसाठी दहा गुंठ्यांवर सुमारे एक मीटर रुंदीचे व आठ-दहा सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पहिल्या सरीने उगवलेले तण एकदा काढून मगच बी पेरावे, म्हणजे तणाचा मोठा भाग निघून जातो. पालाश व सिलिका यांसाठी भाताच्या तुसांची काळी राख वाफ्यात मिसळावी. चारसूत्री भातलागवडीचे पहिले सूत्र हेच आहे. एवढे सांगूनही वाडवडिलांची रीत एकदम सोडा, असा आग्रह नाही. येत्या हंगामात रोपाची अर्धी जागा भाजावी व अर्धी गादीवाफ्याची ठेवावी. लावणीच्या दिवशी दोन्हींतील रोपे उपटून शेजारी शेजारी ठेवावीत, आणि निर्णय स्वतःच्या डोळ्यांनी करावा.

मोहाचे फूल रात्रीच का गळते?

चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहाखाली गेलेल्या माणसास फुलांचा सडा पडलेला दिसतो. दिवसा मात्र फुले क्वचितच गळतात. याचे कारण वटवाघळांत आहे. मोहाचे फूल रात्री उमलते, आणि त्याच्या वासाने व गोडीने वटवाघळे झाडाकडे ओढली जातात. त्यांच्याकरवी परागांची ने-आण झाली की गोड, मांसल पाकळ्यांचे काम संपते व त्या उत्तररात्री गळून पडतात. फळ धरणारा भाग मात्र देठावरच राहतो. म्हणून खाली पडलेले फूल वेचल्याने बियांचे, म्हणजेच तेलाचे, नुकसान होत नाही. वटवाघळांना हाकलून लावले तर मात्र फळधारणा घटण्याचा संभव असतो.

फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत काही ठिकाणी आहे. तो वणवा झाडाखालीच राहत नाही. डोंगराचे गवत तर जळतेच, पण मोहाची स्वतः उगवलेली लहान रोपेही जळतात. जुने मोह उभे आहेत आणि तरणे मोह दिसत नाहीत, याचे हे एक कारण आहे. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. फुले स्वच्छ मिळतात, वाकण्याचे श्रम वाचतात आणि डोंगरही वाचतो.

मृग दरवर्षी त्याच तारखेला कसा येतो?

दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, परंतु मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारासच लागते. असे का? आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात. शेतीची नक्षत्रे सूर्यावर चालतात. सूर्य एका वर्षात सत्तावीस नक्षत्रांतून जातो, म्हणून प्रत्येकात तो तेरा-चौदा दिवस असतो. इंग्रजी वर्षही सूर्याचेच असल्याने दोन्हींचा मेळ जवळजवळ कायम राहतो. सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो, इतकेच. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात सरासरीने १ जूनला व मुंबईच्या परिसरात ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. मृग व पाऊस यांची सांगड आपल्या पूर्वजांनी घातली, ती निरीक्षणावर आधारलेली होती.

परंतु ही सरासरीची गोष्ट झाली. यंदाचा पाऊस कधी येईल हे मृग सांगत नाही. नक्षत्राचे वाहन तर मुळीच सांगत नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागावे व उरलेल्या बाकीवरून बेडूक, म्हैस किंवा कोल्हा ठरवावा, असा तो हिशेब आहे. त्यात ढग, वारा किंवा समुद्र यांचा कोठेही संबंध येत नाही. ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडणारा पावशा पक्षीही आपल्या विणीच्या हंगामाप्रमाणे ओरडत असतो. पावसाळा जवळ आला, एवढाच त्याच्या ओरडण्याचा अर्थ घ्यावा. पेरणी जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर व हवामान खात्याचा अंदाज पाहून करावी. एका सरीवर विसंबून केलेली धूळपेरणी फसली तर बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते.

मातीला वास कोठून येतो?

तापलेल्या जमिनीवर पहिली सर पडली की सुटणारा वास पावसाचा नसून मातीतील सजीवांचा आहे. मातीत ॲक्टिनोमायसीट या वर्गातील असंख्य सूक्ष्म जीव राहतात व ते जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्यात कोरड्या दिवसांत माती-दगडांवर जमलेली वनस्पतींची तैलद्रव्येही मिसळतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी या वासास ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. पावसाचा थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटतात व सुगंधी द्रव्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने ही क्रिया टिपली. उत्तर प्रदेशातील कनौज येथे मातीचे अत्तर काढण्याचा धंदा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे.

शेतकऱ्यास या माहितीचा उपयोग उकिरड्यावर होतो. पूर्ण कुजलेल्या खतातही याच वर्गातील जीव असतात, म्हणून पक्व खतास पहिल्या पावसासारखा वास येतो. नाकाला झोंबणारा किंवा कुजकट वास येत असेल तर खत कच्चे आहे असे समजावे व ते आणखी काही आठवडे मुरू द्यावे. या परीक्षेस प्रयोगशाळेची जरुरी नाही.

बियाण्याला मिठाचे पाणी कशाला?

साध्या पाण्यात भात टाकले तर अगदी पोचट दाणे तरंगतात, पण अर्धवट भरलेले दाणे तळाशी जातात. मीठ विरघळले की पाणी जड होते व हे अर्धवट दाणेही वर येतात. उन्हाळ्यात खाडीच्या पाण्यात पोहणे ओढ्यापेक्षा सोपे वाटते, त्याचे कारणही तेच. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे, ढवळावे व द्रावण स्थिर होऊ द्यावे. वर तरंगणारे दाणे काढून टाकावेत. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. धुणे टाळू नये, कारण अंगावर राहिलेले मीठ उगवणीस बाधक ठरते. जड दाण्यात अन्नसाठा अधिक असतो व रोप त्याच साठ्यावर पहिले दिवस काढते. खर्च मूठभर मिठाचा असूनही हा उपाय अद्याप सर्व घरांत होत नाही, हे मात्र खरोखरच कोडे आहे.

वीज कोणावर पडते?

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, हे विजेला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तिला जवळचा मार्ग हवा असतो, आणि जवळ म्हणजे उंच. उघड्या माळावरचे एकटे झाड, बांधावरचा ताड आणि सपाट खाचरात उभा असलेला माणूस हे तिघेही आसपासच्या जमिनीहून उंच असतात. म्हणून मृगाच्या आधीची वळवाची पावसे आणि भातकापणीच्या वेळचा परतीचा पाऊस, या दोन काळांत शेतात असलेल्या माणसास धोका अधिक असतो.

झाडाखाली बांधलेली गुरे एकाच वेळी मरतात, याचेही कारण समजून घ्यावे. झाडावर पडलेली वीज जमिनीतून चोहोकडे पसरते. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने ती एका बाजूने शिरून शरीरातून दुसऱ्या बाजूने जाते. म्हणून वीज चमकू लागली की झाडाचा आसरा घेऊ नये, गुरेही तेथे बांधू नयेत. पक्क्या घरात जावे. घर दूर असेल तर पाय एकमेकांस जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर होते. मोजणी तीसच्या आत असेल तर काम सोडावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर विजेची आगाऊ सूचना देते, ते घरातील एकाने तरी घ्यावे.

आणखी एक समजूत तर जीवघेणी आहे. वीज पडलेल्या माणसास हात लावू नये, त्याच्या अंगात वीज असते, असे म्हणतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास किंवा नाडी बंद असेल तर तत्काळ छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न करावा व रुग्णवाहिका बोलवावी. त्या पहिल्या काही मिनिटांत अनेकांचा जीव वाचू शकतो, आणि नेमक्या त्याच मिनिटांत लोक दूर उभे राहतात.

वलगणीचे मासे कोठून येतात?

पहिल्या मोठ्या पावसात खाचरांत मासे दिसले की ते आभाळातून पडले असे कोणी म्हणतो. वस्तुतः ते खालून येतात. नदी-ओढ्यांतील पुष्कळ मासे नवे पाणी येताच प्रवाहाच्या उलट चढून उथळ, पाण्याने भरलेल्या खाचरांत अंडी घालण्यास जातात. तेथे पिलांना खाद्य भरपूर असते व मोठे शत्रू कमी. मरळीसारखा मासा हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाणी आटले तरी तो ओल्या चिखलात काही काळ तग धरतो.

वलगणीला मासे पकडण्याचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. परंतु चढणारा मासा बहुधा अंड्यांनी भरलेला असतो. ओढ्याचे सर्व तोंड अडवून एकूण एक मासा काढला, तर पुढच्या वर्षी चढावयास मासा उरत नाही. ओढ्याची निदान एक बाजू मोकळी ठेवावी, आणि कीटकनाशकाचे डबे किंवा फवारणीचे पंप ओढ्यात कधीही धुऊ नयेत.

एवढा पाऊस पडूनही वैशाखात पाणी का नसते?

थंडीत विहिरीचे पाणी कोमट का लागते, हा प्रश्न सोपा आहे. जमिनीत काही मीटर खाली ऊन वा थंडी पोहोचत नाही व तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. पाणी तेच असते, आपले अंग गार झालेले असते, म्हणून ते कोमट भासते. त्याच विहिरीविषयीचा दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. पौषात भरलेली विहीर वैशाखात कोरडी का?

शहापूर तालुक्यात तानसा हे १८९२ साली पूर्ण झालेले धरण आहे. १९५७ चा मोडकसागर आहे, भातसा आहे. ही धरणे मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाचे पाणी दरीच्या तळाशी असते व पाडे उतारावर, हे एक कारण होय. ते पाणी वर आणणे हे योजनांचे काम आहे आणि गावांनी ते मागत राहावे. दुसरे कारण आपल्या पायाखाली आहे. एका हेक्टरवर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तो दोन कोटी लिटर भरतो. आपल्याकडे बहुतेक वर्षी याहूनही अधिक पडतो. परंतु आपला खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण. वाळूने भरलेल्या घड्यात पाणी मुरते, पाट्यावर ओतलेले पाणी वाहून जाते. या पाषाणात पाणी राहते ते केवळ भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. उतार तीव्र आणि माती पातळ असल्याने पावसाचे पाणी काही तासांतच ओढ्याला लागते.

पाण्याला मुरण्यास वेळ मिळणे, एवढाच यावर उपाय आहे, आणि तो वेळ झाडे, गवत व पालापाचोळा मिळवून देतात. येथे राबाच्या टहाळाकडे आणि मोहाखालच्या वणव्याकडे पुन्हा पाहावे. डोंगरावरील ज्या फांद्या आपण शिमग्याला जाळतो आणि जे गवत चैत्रात पेटवितो, त्यांनीच पावसाचे पाणी थोपविले असते. रोपाचा प्रश्न आणि विहिरीचा प्रश्न वेगळे नाहीत. डोंगरउतारावर समपातळी चर खणावेत, चरांच्या बांधावर झाडे लावावीत, आणि पाऊस संपता संपता, ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. आठ-दहा कुटुंबांच्या एका दिवसाच्या श्रमदानात लहान ओढ्यावरचा बंधारा उभा राहतो. तो अडवील तेवढ्या ओलीवर भातानंतरचा वाल किंवा हरभरा अधिक भरवशाचा होतो, आणि खालच्या विहिरीचे पाणी काही आठवडे अधिक टिकते.

प्रश्न विचारण्याची रीत

शेतकरी बंधू-भगिनींनो, जुनी रीत केवळ जुनी म्हणून टाकू नये आणि केवळ जुनी म्हणून पाळूही नये. तिला एक गुंठा जमीन द्यावी, शेजारच्या गुंठ्यावर दुसरी रीत करावी, बाकी सर्व सारखे ठेवावे आणि दोन्हींचे माप वहीत लिहावे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे फरक कशाने पडला हे कळते. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला वही सांभाळावयास द्यावी. घरात असे प्रश्न विचारावयास त्यांच्याइतका उत्साह कोणालाच नसतो.

आणि सभेनंतर हळूच विचारले जाणारे प्रश्न यापुढे सभेतच, सर्वांसमक्ष विचारावेत. ज्याचे उत्तर शेतीखात्याच्या माणसास ठाऊक नसेल, ते तो विचारून येईल. भाताविषयीच्या प्रश्नांसाठी १९१९ पासून चालू असलेले कर्जतचे संशोधन केंद्र जवळच आहे.